रोगीपाद दुबळा असता : बौद्धिक अक्षमता असलेले आईवडील आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात सूतिकागार कसे असावे, तेथे कोणते साहित्य सिद्ध ठेवावे, धात्रीची परीक्षा कशी करावी, एवढेच नव्हे तर बालकाची खेळणी कशी असावीत येथपर्यंतचा विचार आलेला आहे. या वर्णनातील एक गोष्ट आपण वाचतो, परंतु तिच्यापाशी फारसे थांबत नाही. संहितेतील माता एकटी नाही. अनेकदा प्रसूत झालेल्या, अनुभवी, प्रेमळ आणि कष्टाळू स्त्रिया तिच्याभोवती असाव्यात, असा शास्त्राचा आग्रह आहे. मातृत्व हे एकट्या स्त्रीने पार पाडावयाचे कर्म आहे, असे शास्त्रकारांनी गृहीत धरलेले नाही.

ही गोष्ट ज्यांच्या बाबतीत सर्वाधिक महत्त्वाची ठरते, अशा आईवडिलांविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. ज्यांना स्वतःलाच शिकण्यास, लक्षात ठेवण्यास, हिशेब करण्यास किंवा नवीन प्रसंगी निर्णय घेण्यास कठीण जाते, असे स्त्री-पुरुषही विवाह करतात आणि त्यांनाही मुले होतात. अशा कुटुंबाचा पहिला वैद्यकीय संपर्क बहुधा गावातील वैद्याशीच येतो. त्या वेळी आपण काय बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणता सल्ला देतो, यावर एका बालकाचे आरोग्य आणि एका मातेचा अधिकार अवलंबून असतो.

शब्दांविषयी थोडेसे

या विषयात शब्दांचा घोळ फार आहे. वाचन, लेखन वा गणित यांपुरती मर्यादित असलेली अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, ही वेगळी. अशा व्यक्तीची सर्वसाधारण बुद्धी उत्तम असू शकते. बौद्धिक अक्षमता वेगळी. तिच्यात बुद्ध्यंक साधारणतः ७० च्या खाली असतो, दैनंदिन व्यवहारकौशल्यांतही उणीव असते आणि तिचा आरंभ बाल्यात वा किशोरवयात झालेला असतो. सौम्य प्रकारात बुद्ध्यंक ५० ते ६९ असा मानला जातो. मानसिक आजार तर या दोहोंहून भिन्न आहे. तो आयुष्यात केव्हाही उद्भवू शकतो आणि औषधोपचाराने आटोक्यात येऊ शकतो. इंग्लंडमध्ये मात्र बौद्धिक अक्षमतेलाच 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात, त्यामुळे तेथील लेखन वाचताना आपली गल्लत होते. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये या तिन्हींची स्वतंत्र नोंद आहे. 'मतिमंद' हा शब्द शासकीय कागदांत दीर्घकाळ रूढ होता. आज तो टाळणेच उचित होय.

आपल्याकडे येणारे बहुसंख्य पालक सौम्य प्रकारातील असतात. त्यांच्यापाशी प्रमाणपत्र नसते, त्यांची तपासणीही कधी झालेली नसते. गाव त्यांना 'साधा', 'भोळी', 'जरा कमी' अशा शब्दांनी ओळखते आणि त्यांचे लग्न त्याच गावाने लावलेले असते.

दवाखान्यातील नेहमीचे दृश्य

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर मार्गावरील गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांतील माणसे औषधपाण्यासाठी येथे येतात. अशा गावातील कोणत्याही दवाखान्यात पुढील दृश्य अपरिचित नाही. सहा-सात महिन्यांचे मूल घेऊन सासू व सून येतात. वैद्याने सुनेला प्रश्न विचारला की सासू मध्येच म्हणते, "डॉक्टर, तिला काय विचारता, तिला काही उमगत नाही. मला सांगा." वैद्यालाही घाई असते. तो सासूला औषध समजावतो. सून मुलाला मांडीवर घेऊन गप्प बसते. पुढे चार दिवसांनी सासू खुरपणीला जाते आणि मूल व औषधाची बाटली या दोहोंची जबाबदारी ज्या सुनेवर येते, तिला कोणीही काहीही सांगितलेले नसते.

येथे सासूचा हेतू वाईट नाही आणि वैद्याचाही नाही. परंतु जी व्यक्ती दिवसभर मुलापाशी राहणार तिलाच चिकित्सेतून वगळले गेले. मग बाटली चुकीने पाजली गेली की "बघा, हिला मूल सांभाळता येत नाही" हा निष्कर्ष तयारच असतो.

चतुष्पादाच्या दृष्टीने विचार

चरकाच्या सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. रोग्याचे गुण म्हणजे स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. स्वतःला काय होते ते आठवणे, सांगितलेले पाळणे, न घाबरणे आणि आपली लक्षणे सांगता येणे, असा त्यांचा आशय. बालकाच्या चिकित्सेत बालकाच्या ठिकाणी यांपैकी काहीच नसते. ती सर्व कामे त्याच्या वतीने माता करते. आता माताच जर स्मृति आणि ज्ञापकत्व यांत उणी असेल, तर हा पाद दोन्ही बाजूंनी दुबळा होतो.

अशा वेळी शास्त्रदृष्टी काय सुचवते? चारही पादांमध्ये वैद्य प्रमुख मानला आहे. सबब एक पाद दुबळा आढळला असता उरलेल्या तिघांचा भार वाढवणे हे त्या प्रमुखाचे काम ठरते. वैद्याने सांगण्याची रीत बदलावी, द्रव्याची योजना सोपी करावी आणि योग्य उपस्थाता जोडून द्यावा. एवढे केल्यानंतरच त्या आईवडिलांच्या क्षमतेविषयी मत द्यावे. आधार देण्यापूर्वी केलेली क्षमतेची परीक्षा ही अपुरी परीक्षा होय, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

शिकवल्याने येते काय?

येथे वाचकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. या पालकांना शिकवल्याने खरोखर काही येते काय? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन यांनी १९८० च्या दशकापासून याच प्रश्नावर काम केले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मातांच्या घरी जाऊन, बाळाला आंघोळ घालणे, दूध पाजणे, लंगोटाने आलेले पुरळ ओळखणे, घरातील धोके टाळणे आणि बाळाशी बोलणे-खेळणे यांपैकी प्रत्येक काम लहान लहान पायऱ्यांत विभागून त्यांनी शिकवले. आधी करून दाखवावयाचे, मग तिच्याकडून करवून घ्यावयाचे, जमले ते लगेच सांगावयाचे, चित्रांची पुस्तिका घरी ठेवावयाची आणि पुढे पुन्हा येऊन पाहावयाचे, अशी ही पद्धत. अनेक मातांनी ही कौशल्ये आत्मसात केली आणि टिकवलीही. या क्षेत्रातील अभ्यासकांचे आणखी एक निरीक्षण असे की, अत्यंत कमी बुद्ध्यंकाचा अपवाद सोडता, केवळ बुद्ध्यंकावरून कोण चांगले पालक होईल हे सांगता येत नाही. दारिद्र्य, एकाकीपणा, घरातील मारहाण आणि मातेचे स्वतःचे अनारोग्य यांचा मुलांवर होणारा परिणाम फार मोठा असतो.

शिकवण्याच्या या रीतीसाठी कॅनडाकडेच पाहावयास हवे असेही नाही. कर्जतच्या शेजारीच जामखेड तालुका आहे. तेथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती. त्या नियमितपणे जामखेडला येत, एकत्र राहत, चित्रांच्या आणि प्रत्यक्ष कृतीच्या आधाराने शिकत आणि गावी जाऊन तेच करीत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षरता म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्या सेविका तल्लख होत्या. परंतु कागदावरील अक्षरांवाचून, पाहून, करून आणि पुन्हा पुन्हा घोटून बालसंगोपनाचे ज्ञान देता येते, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. तीच रीत येथे अधिक सावकाश व अधिक वेळा वापरावयाची आहे.

वैद्य आणि द्रव्य

प्रत्यक्ष व्यवहारात कोणते बदल करता येतील, याचा विचार करू.

प्रथम, बोलणे मातेशी व्हावे, सासूने ऐकावे. बसण्याची जागा बदलली तरी पुष्कळ साधते. एका वेळी एकच सूचना द्यावी. "समजले का?" या प्रश्नाचे उत्तर नेहमी "हो" असेच येते, म्हणून तो प्रश्न विचारू नये. त्याऐवजी "आता हे औषध कसे देशील ते मला करून दाखव" असे म्हणावे. चमच्यात औषध ओतून दाखवण्यास एक मिनिट लागते आणि तेवढ्यात सर्व काही कळते.

द्रव्याच्या चार गुणांत अनेकविध कल्पना हा एक गुण सांगितला आहे. एकच औषध चूर्ण, वटी, क्वाथ, अवलेह अशा अनेक रूपांत देता येणे, हा त्याचा अर्थ. येथे त्याचा पुरेपूर उपयोग करावा. तीन चूर्णे, दोन अनुपाने, एक जेवणापूर्वी आणि एक जेवणानंतर, अशी योजना साक्षर घरातही चुकते. शक्य तेथे एकच कल्प द्यावा. मोजण्याऐवजी दिवसागणिक पुड्या बांधून द्याव्यात, सकाळच्या पुडीवर सूर्याचे आणि रात्रीच्या पुडीवर चंद्राचे चित्र काढावे. मापाच्या टोपणावर ठळक रेघ ओढून द्यावी. "दिवसातून दोनदा" याऐवजी "चूल पेटवताना आणि दिवा लावताना" असे सांगावे. घड्याळापेक्षा दिनचर्या अधिक लक्षात राहते.

बाळगुटीचे उदाहरण मुद्दाम देतो. सहाणेवर हळकुंडाचे वेढे किती, वेखंडाचे किती, जायफळाचा किती, हा सारा हिशेब स्मृतीवर अवलंबून असतो. जायफळ अधिक उगाळले गेले तर बालक गुंगीत जाऊ शकते. वेखंडाचा अतिरेकही निर्धोक नाही. पहिले सहा महिने निव्वळ स्तन्यपान, हा आजचा सर्वमान्य नियम आहे. ज्या घरात वेढ्यांचा हिशेब चुकण्याचा संभव आहे, तेथे तर तो निरपवाद पाळावा. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असा आधुनिक वैद्यकाचा स्पष्ट इशारा आहे. अनुपान सांगताना आपण त्याचे भान ठेवले पाहिजे. "सहा महिने दुधाशिवाय काही नाही" हे एक वाक्य कोणत्याही मातेच्या लक्षात राहते.

धोक्याची लक्षणेही थोडकीच शिकवावीत. बाळ दूध ओढत नाही, छाती आत ओढत श्वास घेते, अंग तापले वा गार पडले, झटका आला, बाळ सुस्त झाले, यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या लक्षणांची चित्रे भिंतीवर लावण्यासाठी द्यावीत. ज्ञापकत्वाची उणीव अशा चित्रांनी बरीच भरून निघते. मातेने चित्रावर बोट ठेवले तरी वैद्याला कळते.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. प्रौढ व्यक्तीची बौद्धिक अक्षमता मेध्य द्रव्यांनी नाहीशी होते, असे म्हणण्यास आधार नाही. गरीब कुटुंबास तशी आशा दाखवून महिनोन्महिने खर्चात पाडू नये. तोच पैसा मातेच्या आहारास लागू दे.

उपस्थाता

उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे चार गुण. त्यांतील अनुराग हा येथे कळीचा आहे. मातेवर माया असलेले माणूस तिला शिकवते. माया नसलेले माणूस तिच्या हातून काम काढून घेते. पहिल्यामुळे तिचे सामर्थ्य वाढते, दुसऱ्यामुळे ती स्वतःच्याच मुलापासून दुरावते. सासू, आई, नणंद, जाऊ, शेजारीण यांपैकी असे माणूस कोण, हे वैद्याने हेरावे आणि त्याला बोलावून घ्यावे.

यात आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य मोलाचे आहे. नवजात बालकाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमानुसार, रुग्णालयात प्रसूती झाली असता आशाताईंनी ४२ दिवसांत ६ वेळा आणि घरी झाली असता ७ वेळा घरी जाणे अपेक्षित आहे. गृहभेटींच्या या पद्धतीला डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्याची पार्श्वभूमी आहे. सर्वसाधारण मातेला ६ भेटी पुरतात. या मातेला त्याहून अधिक लागतील, एवढा निरोप वैद्याने आशाताईंना दिला तरी मोठे काम होते.

आपल्या भागातील एक अडचण विशेष आहे. कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. एका पती-पत्नीचा मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे पत्नी तान्ह्या मुलासह फडात जाते आणि गावातील अनुभवी स्त्री, आशाताई व ओळखीचा वैद्य हे तिन्ही आधार एकदम सुटतात. अशा कुटुंबास निघण्यापूर्वी बोलावून घ्यावे. लसीकरणाचे कार्ड सोबत आहे का ते पाहावे, औषधे पुड्या बांधून द्यावीत आणि त्याच टोळीतील एखाद्या जाणत्या बाईला सर्व समजावून सांगावे.

पालक म्हणजे केवळ माता नव्हे, हेही विसरू नये. पित्याला बौद्धिक अक्षमता असेल तर त्याच्या भोळेपणाचा फायदा घेऊन मजुरी बुडवणे, उचल अंगावर टाकणे हे प्रकार घडतात आणि त्याचा परिणाम मुलाच्या ताटापर्यंत पोहोचतो.

संमती आणि कायदा

आता या विषयाच्या अधिक गंभीर अंगाकडे वळू. "हिला मूल नको, पिशवीच काढून टाका" किंवा "हिचा गर्भ पाडा" असा सल्ला मागण्यासाठी नातेवाईक आपल्याकडे येतात. गर्भपात किंवा तशी शस्त्रक्रिया आपण करीत नसलो, तरी आपला शब्द तेथे प्रमाण मानला जातो.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय गृहातील बौद्धिक अक्षमता असलेल्या ११ मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण सांगितले गेले. स्त्री संघटनांनी व अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तीव्र विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीची स्वच्छता शिकवण्यास लागणारे श्रम आणि मनुष्यबळ यांच्या जागी तेथे शस्त्र वापरले गेले.

१५ वर्षांनी, २००९ मध्ये, चंडीगढ येथील शासकीय गृहातील एका तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. अत्याचारातून तिला गर्भ राहिला होता. तिला बौद्धिक अक्षमता होती, परंतु मूल हवे होते. उच्च न्यायालयाने दिलेला गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनुसार मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांत भेद आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या संमतीची जागा पालकाची संमती घेऊ शकत नाही, हा त्या निकालाचा सारांश. त्या वेळी राष्ट्रीय न्यासाने तिला व तिच्या बालकाला साहाय्य देण्याची तयारी न्यायालयापुढे दाखवली होती. अधिकारासोबत आधाराचीही सोय पाहिली गेली, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढेही असेच प्रकरण आले. २७ वर्षांच्या तरुणीच्या पित्याने तिच्या गर्भपाताची परवानगी मागितली होती. तिचा बुद्ध्यंक ७५ होता आणि तिला गर्भ ठेवावयाचा होता. सरासरीहून कमी बुद्धी असलेल्या व्यक्तीला पालक होण्याचा अधिकार नाही काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनीच विचारला.

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम १० नुसार, अपंग व्यक्तीच्या स्वतंत्र व माहितीपूर्ण संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया तिच्यावर करता येत नाही. अपंग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीवाचून गर्भपात करणे, हा अतितीव्र अक्षमतेचा कायद्यात सांगितलेला अपवाद वगळता, कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावासास पात्र असा अपराध आहे. कलम २४ मध्ये अपंग स्त्रियांना उपजीविकेसाठी व मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य देण्याचा उल्लेख आहे. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे २३ वे कलम आणखी पुढे जाते. मुलाच्या किंवा आईवडिलांच्या अपंगत्वावरून मूल पालकांपासून विलग करू नये, असे ते सांगते. आपल्या अधिनियमातील कलम ९ मात्र केवळ मुलाच्या अपंगत्वाचा उल्लेख करते, आईवडिलांच्या अपंगत्वाचा नाही. ही उणीव आज तरी आपल्या व्यवहारानेच भरून काढावी लागेल.

याच जिल्ह्यातील शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे यांनी 'माऊली' संस्थेत रस्त्यावर सोडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना एकत्र आश्रय दिला आहे. तेथील प्रश्न प्रामुख्याने मानसिक आजाराचा आहे, तरीही माता आणि मूल यांना एकत्र ठेवून दोघांनाही सांभाळता येते, याचे ते उदाहरण होय.

मर्यादा

मातेचा अधिकार सांगताना बालकाचे हित दृष्टिआड करता येत नाही. मूल सतत उपाशी राहत असेल, त्याला वारंवार इजा होत असेल, घरात व्यसन वा मारहाण असेल आणि सर्व आधार देऊनही परिस्थिती सुधारत नसेल, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस किंवा १०९८ या क्रमांकावर कळवणे हे आपले कर्तव्य आहे. गर्भवती मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांस माहिती देणे बंधनकारक आहे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीतही तिला एकटीला, विश्वासाने, गर्भ कसा राहिला हे विचारले पाहिजे.

आईवडिलांची अक्षमता मुलात उतरेलच असे नाही. जन्मवेळी गुदमरणे, मेंदूज्वर, आयोडीनची कमतरता अशी तिची अनेक कारणे अनुवंशिक नसतात. काही कारणे मात्र अनुवंशिक असतात. म्हणून शक्य तेथे तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि मुलाच्या बोलण्या-चालण्याच्या टप्प्यांवर लक्ष ठेवावे. ज्यांनी अद्याप अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेतलेले नाही, त्यांना ते मिळवून देण्यास साहाय्य करावे. संजय गांधी निराधार अनुदान, निरामय आरोग्य विमा इत्यादी योजनांचे दार त्या कागदानेच उघडते.

वैद्यबंधूंनो व भगिनींनो, यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठे रुग्णालय वा महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो थोडा अधिक वेळ आणि थोडी अधिक चिकाटी. पुढच्या वेळी "तिला काही उमगत नाही" हे वाक्य आपल्या दवाखान्यात ऐकू येईल, तेव्हा खुर्ची तिच्याकडे वळवावी, चमचा तिच्या हाती द्यावा आणि ती तो कसा धरते ते पाहावे.